विद्युत-गिटारच्या ॲम्प्लिफायरसाठी 'ओव्हरड्राइव्ह' पेडलची निवड : विठ्ठलवाडी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : विद्युत-गिटार, ओव्हरड्राइव्ह, विरूपण, व्हॉल्व्ह व ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर, जवारी, बेंजो, ध्वनिप्रदूषण नियम

प्रास्ताविक

मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गावर कल्याण आणि उल्हासनगर यांच्या मध्ये विठ्ठलवाडी हे स्थानक आहे. स्थानकाच्या एका अंगाला कल्याण पूर्वेची दाट वस्ती, तर दुसऱ्या अंगाला ८ ऑगस्ट १९४९ रोजी सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते ज्याची पायाभरणी झाली ते निर्वासितांचे उल्हासनगर. या पट्ट्यात वाद्यसंगीताला तोटा नाही. गणेशोत्सवात बेंजो, लग्नसराईत ब्रास बँड, नवरात्रात ऑर्केस्ट्रा आणि पावसाळ्यात महाविद्यालयांतील युवामहोत्सवाच्या तालमी असा हा वार्षिक क्रम असतो. यांपैकी शेवटच्या प्रसंगी विद्युत-गिटार हाती घेतलेले विद्यार्थी सांस्कृतिक विभागाकडे साहित्याची जी मागणी करतात, तीत 'एक ओव्हरड्राइव्ह पेडल' ही नोंद आता नित्याची होऊ लागली आहे.

या मागणीपत्रावर स्वाक्षरी करणाऱ्या प्राध्यापकास ही वस्तू काय आहे, याची बहुधा कल्पना नसते. विद्यार्थ्याने दिलेले कारणही पुष्कळदा परदेशी वादकांच्या सल्ल्यावर बेतलेले असते : "पेडलमुळे ॲम्प्लिफायरला धक्का मिळतो आणि त्याचा आवाज खुलतो." हा सल्ला चुकीचा नाही. परंतु तो ज्या यंत्राविषयी दिला गेला, ते यंत्र महाविद्यालयाच्या कपाटात सामान्यतः नसते. सल्ला व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा आणि यंत्र ट्रान्झिस्टरचे, अशी ही विसंगती आहे. तिचा परिणाम असा होतो की, नामांकित पेडल घेऊनही स्वर कर्कश राहतो आणि दोष विद्यार्थ्याच्या बोटांना दिला जातो. पेडलची निवड कोणत्या तत्त्वांवर करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विरूपण : दोषातून गुणाकडे

कोणत्याही ॲम्प्लिफायरला आपल्या वीजपुरवठ्याने घालून दिलेली मर्यादा असते. आत येणारा विद्युत्संकेत वाढत जाऊन ही मर्यादा ओलांडू लागला, की त्याच्या लहरीचे माथे आणि तळ छाटले जातात. गोलाकार लहर सपाट डोक्याची होते. या छाटणीमुळे मूळ स्वरात नसलेले, त्याच्या कंप्रतेच्या पूर्णांक पटीतील नवे स्वर निर्माण होतात. गिटारच्या 'ए' तारेची कंप्रता ११० हर्ट्झ असते. तिची लहर वर-खाली सारखीच छाटली गेली, तर ३३०, ५५० अशा विषम पटीतील स्वरांची भर पडते. एका बाजूने अधिक आणि दुसऱ्या बाजूने कमी छाटली गेली, तर त्यांच्या जोडीला २२०, ४४० असे सम पटीतील स्वरही येतात. या क्रियेला विरूपण म्हणतात. ध्वनिमुद्रणाच्या अभियंत्यांनी प्रारंभीची कित्येक दशके ते टाळण्यासाठीच खर्ची घातली होती.

गिटारवादकांनी मात्र या दोषातच सौंदर्य पाहिले. अमेरिकेत १९५१ साली मुद्रित झालेल्या 'रॉकेट ८८' या गीतातील गिटारचा भरडा स्वर नादुरुस्त ॲम्प्लिफायरमुळे आला होता. मार्टी रॉबिन्स यांच्या १९६१ सालच्या 'डोन्ट वरी' या गीतात बास गिटारचा स्वर मुद्रणयंत्रातील बिघाडामुळे गुरगुरता झाला. त्याच बिघाडाचे अनुकरण करणारी 'मेस्ट्रो फझ-टोन' नावाची पेटी १९६२ साली विक्रीस आली, आणि १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या गीतातून ती जगभर ऐकू गेली. 'किंक्स' या ब्रिटिश वृंदाच्या डेव्ह डेव्हिस यांनी तर १९६४ साली स्पीकरचा कागदच चिरला होता. हिंदी चित्रपटसंगीतात विद्युत-गिटारचा जोमदार वापर 'तीसरी मंझिल' (१९६६) सारख्या चित्रपटांपासून सर्वसामान्य श्रोत्यांच्या परिचयाचा झाला.

भारतीय कानाला ही कल्पना अगदीच परकी वाटण्याचे कारण नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जी 'जवारी' काढली जाते, तिचे कार्यही तारेच्या मूळ स्वरातील वरच्या पटीतील स्वर उजळविणे हेच आहे. खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गांधार हा वस्तुतः तिच्या कंप्रतेच्या पाचपटीतील स्वर होय. मिरजेचा कसबी कारागीर धागा केसभर मागे-पुढे करून जे साधतो, त्याच जातीचे काम गिटारवादक पेडलवरील बटणाने करू पाहतो.

तथापि या साम्याला एक महत्त्वाची मर्यादा आहे, आणि ती विद्यार्थ्यांना सांगितली जात नाही. तंबोऱ्यात प्रत्येक तारेची जवारी स्वतंत्र असते, तर पेडलमध्ये सर्व तारांचा संकेत एकत्र होऊन एकाच मंडलातून जातो. म्हणून तेथे स्वरांची केवळ बेरीज होत नाही. दोन स्वर एकमेकांत मिसळून तिसरेच स्वर जन्माला येतात. ११० हर्ट्झचा षड्ज आणि १६५ हर्ट्झचा पंचम एकत्र वाजविल्यास त्यांच्या वजाबाकीतून ५५ हर्ट्झचा, म्हणजे एक सप्तक खालचा षड्जच निघतो. स्वर भारदस्त होतो. गिटारच्या समविभागी स्वरपद्धतीत पंचम १६४.८१ हर्ट्झचा असला, तरी हा फरक उपेक्षणीय आहे. गांधाराचे तसे नाही. समविभागी गांधार १३८.५९ हर्ट्झचा असतो, तर शुद्ध गांधार १३७.५ हर्ट्झचा. गांधाराची दुप्पट करून तीतून षड्ज वजा केल्यास १६७.१८ हर्ट्झचा एक आगंतुक स्वर निघतो. तो सा-ग-प या स्वरसंघातील १६४.८१ हर्ट्झच्या पंचमावर आपटून सेकंदाला दोनाहून अधिक वेळा हेलकावतो. रॉक संगीतात केवळ सा-प यांचे जोडस्वर का वाजविले जातात आणि पूर्ण स्वरसंघ वाजविताच आवाज का कालवल्यासारखा होतो, याचे उत्तर या साध्या अंकगणितात आहे. ज्या विद्यार्थ्याला संपूर्ण स्वरसंघ वाजवावयाचे आहेत, त्याला कमी छाटणी करणारे पेडल हवे. किती पैसे खर्चावेत याच्या आधीचा हा प्रश्न आहे.

पेडलच्या पोटात

ओव्हरड्राइव्ह पेडलांपैकी सर्वाधिक अनुकरण झालेले पेडल म्हणजे आयबानेझ या जपानी नाममुद्रेखाली १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेले 'ट्यूब स्क्रीमर टीएस-८०८' होय. त्याची रचना निस्शिन ओन्पा या कंपनीत सुसुमु तामुरा यांनी केली. त्याच्या आत ४५५८ या क्रमांकाची एक संकलित चकती, म्हणजे आयसी, आणि परस्परविरुद्ध दिशांनी जोडलेले दोन सिलिकॉन डायोड एवढाच मुख्य संसार आहे. हीच ४५५८ आयसी आपल्याकडील स्थानिक बनावटीच्या होम थिएटरच्या बास-ट्रेबल पट्टीवर सर्रास आढळते आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किरकोळीत मिळते. पेडलच्या नावाभोवती जमा झालेल्या गूढवलयाचा बराचसा भाग एवढ्या माहितीने ओसरावा.

मंडलातील ४.७ किलोओहमचा रोध, ५१ किलोओहमचा रोध आणि त्याच्या जोडीचे ५०० किलोओहमचे 'ड्राइव्ह' बटण यांवरून त्याचे वर्धन काढता येते. बटण किमान असताना संकेत सुमारे १२ पट वाढतो, तर कमाल असताना सुमारे ११८ पट. मात्र ४.७ किलोओहमच्या त्याच रोधाला ०.०४७ मायक्रोफॅरडचा संधारित्र जोडलेला असल्यामुळे सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचे स्वर क्रमाने कमी वाढतात. खर्ज जवळजवळ तसाच राहतो आणि छाटणी मुख्यतः मध्यम व तार स्वरांची होते. त्यानंतरचे मंडल तार स्वर पुन्हा सौम्य करते. परिणामी मध्यभागातील स्वर उठून दिसतात. बास गिटार, कीबोर्ड आणि ढोलकी-ड्रम यांच्या गर्दीत गिटार वेगळी ऐकू येण्याचे कारण हेच आहे. एकट्या खोलीत हेच पेडल नाकातल्यासारखे, पातळ वाटते, आणि दुकानात नाकारले जाते!

डायोड येथे वर्धनाच्या परतीच्या मार्गात बसविलेले असल्याने छाटणी मऊ कडांची होते. बॉस कंपनीच्या १९७७ सालच्या 'ओडी-१' व १९८१ सालच्या 'एसडी-१' यांत एका दिशेला एक आणि दुसऱ्या दिशेला दोन डायोड आहेत. म्हणून छाटणी असमान होऊन सम पटीतील स्वरही मिळतात, आणि कित्येक कानांना तो स्वर अधिक उबदार भासतो. याच कंपनीचे १९७८ सालचे 'डीएस-१' हे मात्र वेगळ्या जातीचे पेडल आहे. त्यात वाढलेला संकेत डायोडांमार्फत थेट भूमीकडे छाटला जातो. कडा तीक्ष्ण होतात, म्हणून त्याला ओव्हरड्राइव्ह न म्हणता 'डिस्टॉर्शन' म्हणतात. याउलट, एका ट्रान्झिस्टरवर चालणारे 'एलपीबी-१' सारखे साधे बूस्टर स्वतः फारसे छाटत नाही. ते केवळ संकेत मोठा करून पुढे ढकलते.

मूळ प्रश्न : पुढे ॲम्प्लिफायर कोणता?

पेडल आधी निवडून मग ते कोठे जोडावे याचा विचार करण्याची रीत उलटी आहे. निवडीचा आरंभ ॲम्प्लिफायरपासून व्हावयास हवा.

व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमधील पहिली १२एएक्स७ नळी साधारणतः दीड व्होल्टच्या आसपासचा संकेत आला की छाटणी करू लागते. गिटारच्या एकेरी वेटोळ्याच्या पिकअपमधून येणारा संकेत सामान्यतः एक-दोन दशांश व्होल्टचा असतो. तो दहापटींनी, म्हणजे २० डेसिबलने वाढविला की नळी आपोआप मर्यादेपलीकडे जाते. नळीची छाटणी एकदम होत नाही, ती हळूहळू वाढते. बोटाचा आघात हलका असेल तर स्वर स्वच्छ आणि जोराचा असेल तर खरखरीत, असे नियंत्रण वादकाच्या हाती राहते. अशा ॲम्प्लिफायरपुढे पेडलचे 'ड्राइव्ह' बटण अगदी खाली आणि 'लेव्हल' बटण वर ठेवण्याचा प्रघात आहे. छाटणीचे काम ॲम्प्लिफायर करतो. पेडल केवळ संकेत वाढविते आणि खर्जाला आवर घालते. अमेरिकी ब्लूज वादक स्टीव्ही रे व्हॉन यांच्या फेंडर ॲम्प्लिफायरपुढील ट्यूब स्क्रीमरने ही पद्धत सर्वतोमुखी केली. 'पेडलने ॲम्प्लिफायरला धक्का द्यावा' हा सल्ला येथून आलेला आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ॲम्प्लिफायर आधीच पूर्ण छाटणी करीत असेल, तर त्याच्यापुढील बूस्टमुळे आवाज मोठा होत नाही. काठोकाठ भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतण्यासारखेच ते आहे. स्वर दाट होतो आणि अधिक काळ टिकतो, एवढेच. एकल वादनाच्या वेळी गिटार इतरांपेक्षा मोठी ऐकू यावी, अशी अपेक्षा असेल तर ॲम्प्लिफायरमध्ये वाव शिल्लक असला पाहिजे, अथवा ज्या ॲम्प्लिफायरला तशी सोय आहे त्याच्या मागील 'सेंड-रिटर्न' छिद्रांमध्ये, म्हणजे छाटणी होऊन गेल्यावर, साधे बूस्टर जोडावे लागते.

ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरची कथा निराळी. त्याचा स्वच्छ विभाग मर्यादेपर्यंत निर्दोष राहतो आणि मर्यादा ओलांडताच एकदम, धारदार छाटतो. त्याला धक्का देणे म्हणजे त्याचा सर्वांत वाईट गुण बाहेर काढणे होय. अशा यंत्रापुढे पेडलचे 'लेव्हल' बटण इतकेच ठेवावे की पेडल चालू-बंद केल्यास आवाजाच्या पातळीत फरक पडू नये, आणि विरूपण सर्वस्वी पेडलकडूनच घ्यावे. म्हणून येथे केवळ बूस्टर घेणे हा बहुतांशी वाया जाणारा खर्च आहे. 'ड्राइव्ह' बटण पुरते वाढविल्यावरही ज्याचा स्वर सुश्राव्य राहतो, असेच पेडल येथे घ्यावे. एसडी-१ किंवा ट्यूब स्क्रीमरच्या जातीची पेडले मध्यम छाटणीपर्यंत हे काम करतात. त्याहून अधिक भरडा स्वर हवा असल्यास 'डीएस-१' वा 'रॅट' यांसारख्या डिस्टॉर्शनकडे वळणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

यालाही अपवाद आहे. कित्येक ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये 'ओव्हरड्राइव्ह' वा 'गेन' असा दुसरा विभाग असतो, आणि त्याच्या आत डायोडांचे छाटणी-मंडल बसविलेले असते. म्हणजे पेडलच पेटीत कोंबलेले असते. या विभागापुढे ट्यूब स्क्रीमरसारखे पेडल कमी 'ड्राइव्ह' ठेवून जोडले असता खर्ज आवरला जातो आणि गढूळ स्वर नेटका होतो. परदेशी सल्ला येथे काही अंशी लागू पडतो, असे म्हणता येईल.

तिसरा प्रकार डिजिटल ॲम्प्लिफायरचा. यांत निरनिराळ्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरांची गणिती प्रतिरूपे असतात आणि ती बूस्टला नळीसारखाच प्रतिसाद देण्याचा प्रयत्न करतात. मात्र संकेताचे अंकांत रूपांतर करणाऱ्या पहिल्या टप्प्याची मर्यादा ओलांडली, तर निघणारा कडकडाट कोणत्याही अर्थाने संगीत नव्हे. बॉस कंपनीच्या २०१६ साली आलेल्या 'कटाना' या मालिकेत तर ट्यूब स्क्रीमरसदृश बूस्टरचे प्रतिरूप अंतर्भूतच आहे. असा ॲम्प्लिफायर महाविद्यालयाकडे असल्यास पेडलची मागणी नामंजूर करण्यास हरकत नसावी.

सर्वांत दुर्लक्षित मुद्दा स्पीकरचा आहे. गिटारच्या ॲम्प्लिफायरमधील स्पीकर सुमारे ५००० हर्ट्झच्या वरचे स्वर झपाट्याने गाळतो. विरूपणाची तीक्ष्ण टोके त्यातच बोथट होतात. स्नेहसंमेलनात वेळ वाचविण्यासाठी पेडलची तार सरळ मिक्सरमध्ये घातली जाते, तेव्हा सभागृहाचे पूर्ण-पल्ल्याचे स्पीकर ती टोके जशीच्या तशी श्रोत्यांपर्यंत पोहोचवितात, आणि गिटारऐवजी गांधीलमाशीचे मोहोळ ऐकू येते. असेच वाजविणे अटळ असेल, तर गिटार-स्पीकरची नक्कल करणारे साधन मध्ये हवे. ते नसताना कितीही महाग ओव्हरड्राइव्ह व्यर्थ आहे.

बेंजोचा दाखला

या परिसरात विरूपित तंतुवाद्याची परंपरा गिटारवर अवलंबून नाही. जपानमधील नागोया येथे १९१२ साली गोरो मोरिता यांनी 'ताइशोगोतो' हे कळांचे तंतुवाद्य निर्माण केले. भारतीय उपखंडात ते 'बुलबुल तरंग' झाले, बलुचिस्तानात त्याला 'बेंजू' म्हणतात, आणि मुंबई, ठाणे व कोकणात 'बेंजो'. पोलादी तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबून वाजविले जाणारे हे वाद्य चुंबकीय पिकअप बसवून ॲम्प्लिफायरला जोडले गेले, आणि ढोल-ताशाच्या गजरावर मात करून मिरवणुकीचे नेतृत्व करू लागले. २०१६ सालच्या रवी जाधव दिग्दर्शित 'बँजो' या हिंदी चित्रपटाचा विषयही याच वादकांचे जीवन हा होता. विद्यापीठीय संगीतचर्चेत या वाद्याची उपेक्षा झाली आहे, हे येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

मिरवणुकीत ॲम्प्लिफायर पूर्ण उघडलेला असतो, म्हणून त्याची छाटणी आपसूक होते. त्यापुढचा भोंगा खर्ज जवळजवळ वगळतो. मध्यभाग उठविणे आणि खर्ज आवरणे या ट्यूब स्क्रीमरच्या दोन्ही क्रिया येथे भोंगाच पार पाडतो, फरक इतकाच की त्या छाटणीनंतर होतात. ज्या बेंजोत सुरावटीच्या तारांसोबत स्वर धरून ठेवणाऱ्या तारा असतात, त्यात मात्र षड्जाशी ऋषभाचा किंवा धैवताचा संयोग प्रत्येक क्षणी छाटणीत सापडतो आणि वर सांगितलेले आगंतुक स्वर निघत राहतात. अशा वादकाने पेडल वापरावयाचे झाल्यास त्याचे 'ड्राइव्ह' किमान असावे. केवळ सुरावटीच्या तारा ठेवलेल्या वाद्यास हे बंधन नाही. एका वेळी एकच स्वर निघत असल्याने ते कितीही छाटणी सहन करते.

शेजार आणि कायदा

व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर मोठ्या आवाजात उघडल्यावरच खुलतो, हे खरे. परंतु गिटारच्या स्पीकरची संवेदनक्षमता एका वॉटला एक मीटरवर सुमारे ९७ ते १०० डेसिबल इतकी असते. पाच वॉटचा चिमुकला ॲम्प्लिफायरही पूर्ण क्षमतेने वाजला, तर एका मीटरवर शंभराहून अधिक डेसिबल होतात. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी क्षेत्रातील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० व ४० आहे. शैक्षणिक संस्थांचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित केला जाऊ शकतो, ही बाब सांस्कृतिक विभागांनी विसरता कामा नये. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई आहे. राज्य शासन वर्षातून १५ दिवसांपर्यंत ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते, परंतु ती सवलत सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी आहे. चाळीतल्या खोलीतील तालमीला ती लागू नाही.

भिंतीला भिंत लागून असलेल्या विठ्ठलवाडीतील घरांत आवाज न वाढविता विरूपित स्वर मिळविण्याचा मार्ग म्हणूनच पेडलचे खरे मोल आहे. सरावासाठी ५० ऐवजी १०० वॉटचा ॲम्प्लिफायर घेण्यात अर्थ नाही, कारण शक्ती दुप्पट होऊनही वाढ केवळ ३ डेसिबलची होते. दहापट शक्ती मिळाली, तरच आवाज कानाला साधारण दुप्पट भासतो. त्या पैशांत चांगले पेडल, गिटारचा मध्यम स्पीकर आणि हेडफोनची सोय साधता येते.

वीजपुरवठा, खरखर व परीक्षण

बहुतेक पेडले ९ व्होल्टवर चालतात, आणि त्यांच्या अडॅप्टरच्या टोकाचा आतील ध्रुव ऋण असतो. आपल्या बाजारात मिळणाऱ्या किरकोळ अडॅप्टरांचा आतील ध्रुव पुष्कळदा धन असतो. टोक बेमालूम बसते, पण पेडल चालत नाही, किंवा कायमचे निकामी होते. खरेदीच्या वेळी पेडलवरील ध्रुवचिन्ह आणि अडॅप्टरवरील ध्रुवचिन्ह जुळवून पाहण्यास एक मिनिटही लागत नाही.

एकेरी वेटोळ्याचे पिकअप घरातील वायरिंग, ट्यूबलाइटचे चोक व पंख्याचे नियामक यांतून ५० हर्ट्झची गुणगुण पकडते. पेडल स्वर जितका वाढविते, तितकीच ही गुणगुणही वाढते. इमारतीला योग्य अर्थिंग नसेल, तर महागडे पेडल उलट अधिक गुणगुण ऐकविते. अशा ठिकाणी दुहेरी वेटोळ्याचा हंबकर पिकअप असलेली गिटार हा पेडल बदलण्यापेक्षा अधिक परिणामकारक उपाय आहे. रंगमंचावर दहा मीटरची तार वापरावी लागत असेल, तर तारेच्या धारितेमुळे तार स्वर मंदावतात. तेथे बंद असतानाही संकेताला आधार देणारे, म्हणजे 'बफर' असलेले पेडल उपयुक्त ठरते. 'ट्रू बायपास' हा शब्द जाहिरातीत गुण म्हणून मिरवत असला, तरी लांब तारेपुढे तो गुण राहत नाही.

नक्कल उत्पादनांविषयी अकारण नाक मुरडले जाते. बेहरिंगरचे 'टीओ-८००' वा जोयोचे 'व्हिंटेज ओव्हरड्राइव्ह' ही ट्यूब स्क्रीमरचीच रूपे होत. फरक मुख्यतः पेटीच्या आणि बटणांच्या टिकाऊपणात असतो. प्लास्टिकच्या पेटीवर वर्षभर अनेक विद्यार्थ्यांचे पाय पडणार असतील, तर धातूच्या पेटीसाठी थोडे अधिक मोजणे इष्ट. १९९० च्या दशकातील 'क्लॉन सेंटॉर' या पेडलच्या मूळ प्रती आज हजारो डॉलरना विकल्या जातात. त्या किमतीत संग्राहकाच्या हौसेचा वाटा किती आणि स्वराचा किती, हे डोळे झाकून ऐकणाऱ्यास सांगता येणे कठीण आहे.

परीक्षणाची सर्वांत उत्तम जागा महाविद्यालयातच आहे, ती म्हणजे भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा. संकेतजनकातून १००० हर्ट्झचा, ०.२ व्होल्टचा संकेत पेडलमध्ये सोडून ऑसिलोस्कोपवर त्याची आकृती पाहावी. मऊ छाटणी, तीक्ष्ण छाटणी, समान व असमान छाटणी हे सारे भेद पडद्यावर उघड दिसतात. संगीत आणि भौतिकशास्त्र या दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसविण्याचे याहून सोपे निमित्त सापडणार नाही. लॅमिंग्टन रोडवरून ४५५८ आयसी आणि सिलिकॉन डायोड आणून हेच मंडल प्रकल्प म्हणून बांधणेही पदवी वर्गाच्या आवाक्यातील आहे.

त्यानंतर कानाची परीक्षा. दोन पेडलांची तुलना करताना दोहोंची पातळी काटेकोरपणे सारखी करून घ्यावी, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो, आणि दुकानदार हे जाणून असतो. परीक्षण महाविद्यालयाच्याच गिटारवर, महाविद्यालयाच्याच ॲम्प्लिफायरवर आणि शक्यतो ड्रम व कीबोर्ड वाजत असताना करावे. आधी एकेरी स्वर, मग सा-प, मग सा-ग-प असा क्रम ठेवल्यास पेडलची मर्यादा कोठे येते, ते पाच मिनिटांत कळते. गिटारवरील आवाजाचे बटण अर्ध्यावर आणल्यावर स्वर निवळतो की नुसता लहान होतो, हेही पाहावे. निवळत असेल, तर एकाच पेडलमधून वादकाला दोन स्वर मिळतात.

खरेदीनंतरच्या दोन बाबी कार्यालयीन असल्या तरी महत्त्वाच्या आहेत. बहुतेक पेडलांत गिटारची तार आत घातली की बॅटरी सुरू होते, पायाचे बटण बंद असले तरी. तालीम संपल्यावर तार काढून ठेवली नाही, तर पुढच्या तालमीस बॅटरी संपलेली सापडते. दीर्घ सुटीत ती आतच राहिल्यास पाझरून मंडल खराब करते. तसेच डेड स्टॉक रजिस्टरमध्ये पेडल आणि अडॅप्टर यांची एकत्र नोंद करून दोहोंवर एकच क्रमांक घालावा. अडॅप्टर दुसऱ्या विभागात गेला की त्याच्या जागी धन ध्रुवाचा कोणता तरी अडॅप्टर येतो, आणि युवामहोत्सवाच्या आदल्या संध्याकाळी पेडल बंद पडते.